तबकडी गेली म्हणे!

घरातली एखादी वस्तू बिघडली, की ती का बिघडली याचा शोध कोणी घेत नाही. ती कोणी बिघडवली याचा शोध मात्र ताबडतोब सुरू होतो. पंप बंद पडला तर शेवटी बटणाला हात कोणी लावला होता, घड्याळ थांबले तर त्याच्यावरची धूळ कोणी झटकली होती, असे प्रश्न घरोघर विचारले जातात. आणि वाचकहो, या चौकशीत आरोपीच्या पिंजऱ्यात बहुधा कोण उभे राहते हे मी सांगायला नकोच. जिने ती वस्तू वर्षभर पुसूनपासून जपलेली असते तीच! ज्यांनी तिला कधी फडके लावलेले नसते ते सारे न्यायाधीश.

गेल्या दिवाळीच्या आधी असाच एक खटला आमच्या अनसिंगच्या घरात उभा राहिला होता, आणि त्यात साक्षीदार म्हणून मला पुण्याहून जावे लागले. साक्षीदार म्हणून गेलो आणि परत आलो तो आरोपी होऊन! त्याचीच ही हकीगत.

अनसिंग हे आमचे गाव. वाशीमहून पुसदकडे जाणारी एसटी धरली की वाटेत लागते. दिवाळीच्या सुमारास दोन्ही बाजूंना सोयाबीनची मळणी चाललेली असते, तूर डोक्याएवढी वाढलेली असते आणि गाडीच्या खिडकीतून जो धुरळा आत येतो तो अंगावर घेतला की मला गावी आल्यासारखे वाटते. गावातल्या जुन्या घरात दादा आणि वहिनी राहतात. दादा निवृत्त शिक्षक. म्हणजे शाळेतून निवृत्त, स्वभावाने नव्हे. वहिनी फारशा शिकलेल्या नाहीत, पण घरातला तारखांचा सारा कारभार त्यांच्याकडे. कोणाची एकादशी, कोणाचा वाढदिवस, गॅस कधी लावला, गाय कधी व्याली, हे सारे भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’मध्ये त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेले असते.

त्या घरात २०१२ साली घेतलेला एक संगणक आहे. २०१९ च्या दिवाळीत मी त्याचा कायापालट केला. त्यातली विंडोज ७ ही प्रणाली सांभाळणे तिची कंपनी जानेवारी २०२० पासून सोडून देणार होती आणि नव्या प्रणालीचे ओझे त्या म्हाताऱ्या यंत्राला झेपणारे नव्हते. तेव्हा मी मोठ्या ऐटीत त्याच्यावर लिनक्सच्या कुळातली ‘डेबियन’ नावाची मुक्त प्रणाली बसवली. मुक्त म्हणजे तिला पैसे पडत नाहीत एवढेच नव्हे. तिची सारी घडण उघडी असते, कोणीही वाचावी, कोणीही दुरुस्त करावी. इयान मर्डॉक नावाच्या एका तरुणाने १९९३ साली ती सुरू केली आणि आपल्या प्रेयसीचे नाव डेब्रा आणि आपले इयान अशी दोन नावे जोडून तिचे बारसे केले. हे ऐकल्यावर दादा म्हणाला होता, “पोरीचं नाव आधी घातलं, म्हणजे मुलगा सुशील असावा.”

आता मुख्य गोष्ट सांगतो. त्या संगणकात आईचा आवाज होता.

आईला जात्यावरच्या ओव्या पुष्कळ येत. जाते घरातून केव्हाच परसात गेले होते, पण ओव्या तिच्या जिभेवर राहिल्या होत्या. शेवटच्या दोन-तीन वर्षांत वहिनींनी तिच्या उशाशी बसून त्या आपल्या मोबाइलवर उतरवून घेतल्या. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे मी वहिनींना कधीतरी सांगितले होते. त्यावर त्या एवढेच म्हणाल्या होत्या, “मग आपल्या आईच्या काहून राहू द्यायच्या?” २०१८ साली आई गेली. पुढे तो मोबाइलही निकामी झाला, पण त्याआधी ओव्या संगणकावर आल्या होत्या. दुपारच्या निवांत वेळी वहिनी एकेक ओवी ऐकत आणि एका बोटाने मराठीत टंकून ठेवत. चार-पाच वर्षे हा उद्योग चालला होता. या साऱ्याची दुसरी प्रत करून ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. ते मी दर दिवाळीला पुढच्या दिवाळीवर टाकत आलो होतो.

तर गेल्या वर्षी दिवाळीपूर्वी घराला रंग काढला. संगणक दोन दिवस उतरवून माजघरात ठेवला. रंग झाल्यावर वहिनींनी तो ओलसर फडक्याने पुसला आणि पुन्हा जागेवर मांडला. दादाने कळ दाबली आणि काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांची एक रांग येऊन यंत्र जे थांबले ते थांबलेच.

तालुक्याच्या गावाहून एक दुरुस्तीवाला आणला. बिचारा चांगला होता, पण घाईत होता. पडद्यावरची शेवटची ओळ त्याने वाचली. तिचा अर्थ, अमुक क्रमांकाची तबकडी अस्तित्वात नाही, असा होता. त्याने मान हलवली. “डिस्क गेली. नवी टाका लागते. आतलं काही भेटणार नाही.” आणि जाता जाता त्याने तो घातक प्रश्न विचारला, “पाणी-बिणी तर नाही न गेलं आत?”

झाले! खटल्याचा निकाल लागला. दादाचा मला फोन आला, “अरे, तबकडी गेली म्हणे! हिनं ओल्या फडक्यानं पुसली.” फोनच्या पलीकडून वहिनींचा आवाज आला नाही. एरवी दादा बोलत असताना मागून तीन सूचना येतात. त्या दिवशी एकही आली नाही, आणि मी दुसऱ्या दिवसाचे तिकीट काढले.

वसुबारसेला संध्याकाळी पोचलो. वहिनींनी पाणी दिले, चहा दिला आणि मी संगणकाच्या खोलीत गेलो तरी त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. “भाऊजी, मी फडकं घट्ट पिळून घेतलं होतं,” एवढेच म्हणाल्या. पाच वर्षे रोज ज्या खुर्चीवर त्या बसत, तिला त्यांनी आठ दिवस हात लावला नव्हता.

मी कळ दाबली. प्रथम एक निळसर यादी आली, ती ओलांडल्यावर अक्षरांची रांग, आणि मग तीच शेवटची ओळ. मला आधी धडकीच भरली. मग मात्र एक विचार मनात आला. ती निळसर यादी आली कोठून? ती तर तबकडीवरच ठेवलेली असते! लिनक्सचा गाभा चालू झाला, तोही तबकडीवरूनच उचललेला. मेलेल्या माणसाने दार उघडून “मी घरात नाही” म्हणावे तसा हा प्रकार होता. तबकडी मेली असेल तर ही वर्दी दिली कोणी?

येथे थोडे थांबून या घराची व्यवस्था सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. तबकडी म्हणजे धान्याचे कोठार असे धरा. प्रणालीला कोठारात थेट शिरता येत नाही. दारावर एक कोठीवाला बसवलेला असतो. त्याला डिस्क कंट्रोलर म्हणतात. या कोठीवाल्याशी त्याच्याच भाषेत बोलावे लागते आणि ती भाषा जाणणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. आमच्या यंत्रातला कोठीवाला मोठा नाटकी. त्याला दोन भाषा येतात. एक आयडीई नावाची जुनी. दुसरी एएचसीआय नावाची नवी, २००४ सालची. जुन्या भाषेत त्याला एका वेळी एकच काम सांगता येते. नव्या भाषेत एकदम ३२ चिठ्ठ्या हातात देता येतात आणि तो त्या आपल्या सोयीने, कमी फेऱ्यांत उरकतो. त्याने कोणती भाषा बोलायची हे यंत्राच्या मूळ मांडणीत, म्हणजे बायोसमध्ये, ठरवून ठेवलेले असते. भाषा बदलली की तो आपला बिल्ल्याचा नंबरही बदलतो. कंपनीचा नंबर तोच राहतो. इंटेलवाल्यांनी आपल्या १९७८ सालच्या नामांकित चिपेच्या आठवणीसाठी ८०८६ हाच आकडा घेतला आहे. पण पुढचा नंबर निराळा. म्हणजे माणूस तोच, बिल्ला वेगळा, बोली वेगळी. दुभाषाही वेगळाच लागणार.

मी पुण्याहून एक पेन ड्राइव्ह नेला होता. त्यावर संपूर्ण डेबियन सुटसुटीत भरलेले असते. तबकडीला न विचारता यंत्र त्याच्यावर चालवता येते. चालवले. पाहतो तो कोठार जसेच्या तसे! दादाच्या पेन्शनची पत्रे, लग्नाचे फोटो आणि वहिनींचे ‘आई’ नावाचे कपाट. मी दुसरे काहीही करण्याआधी ते सारे कपाट एका रिकाम्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले. पाच वर्षे टाळलेले काम झाले अकरा मिनिटांत! मग त्यातली एक ओवी लावली.

आईचा आवाज माजघरापर्यंत गेला. दादा देवासमोर वात वळत होता, तो तसाच थांबला. वहिनी उंबरा ओलांडून आत आल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. ओवी संपताना आई खोकली होती आणि “बस झालं बाई आता” असे म्हणाली होती. तेही त्यात होते. कोणी काही बोलले नाही.

थोड्या वेळाने दादा म्हणाला, “आवाज आहे, हे बरं झालं. पण बिघाड ओल्या फडक्यानंच झाला असणार.” न्यायाधीश एकदा आसनावर बसला की असा उठत नाही.

पेन ड्राइव्हवरच्या प्रणालीला मी विचारले, तू या कोठीवाल्याशी कोणता दुभाषा घेऊन बोलतेस? तिने जुन्या आयडीई भाषेच्या दुभाषाचे नाव सांगितले. मला आश्चर्य वाटले. २०१९ मध्ये मीच बायोसमध्ये नवी भाषा लावली होती. उघडून पाहतो तो मांडणी खरोखरच जुन्या भाषेवर गेलेली. मी ती पुन्हा नवीवर आणली, यंत्र चालू केले आणि काय सांगू! तीस सेकंदांत घर उघडले. मी कॉलर ताठ करून जेवायला बसलो. दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या.

आणि दुसऱ्या दिवशी, ऐन धनत्रयोदशीच्या सकाळी, दादाने हाक मारली, “ऊठ. पुन्हा गेली.”

आता काय म्हणावे! पहाटे वहिनींनी ती खोली झाडली होती. दादाने माझ्याकडे पाहिले, मग केरसुणीकडे पाहिले आणि काही न बोलता वर्तमानपत्र उघडले. बोलला असता तर बरे झाले असते. मी पुन्हा बायोस उघडले. भाषा पुन्हा जुनीच! माझी रात्रीची दुरुस्ती कोणी पुसून टाकली? भुताटकीवर माझा विश्वास नाही, पण त्या घटकेला थोडासा बसला.

वहिनी चहाचा कप घेऊन मागे उभ्या होत्या. त्या पडद्याकडे पाहत म्हणाल्या, “भाऊजी, आज धनतेरस आहे न? मग हे एक जानेवारी काहून दाखवून राहिलं? आन् सालबी दोन हजार नऊ!”

पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख होती. आदल्या रात्रीही ती तेथेच असणार. मी जाणकार, म्हणून ती पाहिली नव्हती. आणि ज्या बाईचा सारा संसार कालनिर्णयाच्या चौकटींत मांडलेला, तिला ती पहिल्या नजरेत खटकली. मी कपाळावर हात मारून घेतला.

यंत्राला तारीख आणि बायोसची मांडणी लक्षात ठेवायला पाटावर एक चपटा सेल बसवलेला असतो. सीआर २०३२ त्याचे नाव. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, ताकद तीन व्होल्ट. भिंतीतून वीज येत असते तोवर सेलाला फारसे काम नसते. वीज तुटली की साऱ्या आठवणी तो एकटा सांभाळतो. आमचा सेल बारा वर्षे हे करीत आला होता. त्यात दादाला काटकसर म्हणून रोज रात्री भिंतीवरचे बटण बंद करण्याची सवय. सेल म्हातारा झाला होता, कशीबशी एक रात्र काढत होता. रंगकामाचे दोन दिवस त्याला सोसले नाहीत. आठवण गेली, आठवण गेली की यंत्र कारखान्यातली मूळ मांडणी धरते, आणि त्या मांडणीत कोठीवाल्याची भाषा होती जुनी. पाणी नाही, फडके नाही, केरसुणी तर नाहीच नाही.

पण वाचकहो, खरी मेख पुढेच आहे. पेन ड्राइव्हवरची डेबियन जर कोठीवाल्याची जुनी भाषाही समजत होती, तर तबकडीवरची का समजू नये? दोघी बहिणीच ना? मी त्या अडलेल्या पडद्यावरचा मजकूर प्रथमच पहिल्या ओळीपासून वाचला. शेवटच्या ओळीच्या वरच, नेहमीची कारणे म्हणून जी यादी दिली होती, तीत स्पष्ट लिहिले होते की दुभाषा गैरहजर असू शकेल. दुरुस्तीवाल्याने ते वाचले नाही, मी वाचले नाही. पंडितांना शेवटची ओळ पुरते.

मग एकदम २०१९ ची ती रात्र आठवली. डेबियन बसवताना जाणत्यांसाठी एक सविस्तर वाट असते. त्या वाटेवर ती नम्रपणे विचारते : यंत्र सुरू होताना हाताशी लागणाऱ्या छोट्या गाठोड्यात सगळे दुभाषे भरू, की या यंत्राला लागतील तेवढेच? मी म्हटले, लागतील तेवढेच! थोडी जागा वाचेल, यंत्र क्षणभर लवकर उठेल आणि आपण नेमके काम करतो असे आपल्यालाच वाटेल. प्रवासाला निघताना सौ. सुई-दोरा, ओवा, जादा टॉवेल भरू लागली की मी असाच हसतो. “लागेल तेवढंच घ्यावं माणसानं!” आणि मग परगावी शर्टाचे बटण तुटले की तिच्याच पिशवीत हात घालतो. मी गाठोड्यात फक्त नव्या भाषेचा दुभाषा ठेवला होता. सेलाने आठवण गमावली आणि कोठीवाला जुन्या भाषेत बोलू लागला, तेव्हा घरात त्याचे बोलणे समजणारा कोणी नव्हता. म्हणजे बिघाडाचे बी पेरले होते मी, पाणी घातले दादाच्या काटकसरीने, आणि शिक्षा भोगत होत्या वहिनी.

या शास्त्राच्या इतिहासातही एक गंमत आहे. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने आपल्या नव्या प्रणालीची वार्ता जगाला कळवली, तेव्हा त्याने प्रांजळपणे सांगून टाकले होते की आपल्याकडे आहे त्या एका जातीच्या तबकडीखेरीज दुसरी कोणती हिला बहुधा कधीच चालणार नाही. त्याच वर्षी इकडे पुण्यात सी-डॅकमध्ये विजय भटकर आणि त्यांचे सहकारी ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा करत होते. भटकर मुरंब्याचे, अकोला जिल्ह्यातले. आणि वाशीम १९९८ मध्ये वेगळा जिल्हा होईपर्यंत आम्हीही त्याच जिल्ह्यातले, म्हणून ही गोष्ट सांगताना दादाची छाती फुगते. असो. टोरवाल्ड्‌सच्या त्या एका तबकडीच्या प्रणालीला पुढे देशोदेशींच्या लोकांनी एकेक दुभाषा लिहून दिला. आपल्या घरचे यंत्र चालेना म्हणून कोणी रात्र जागवली आणि जे जमले ते सर्वांसाठी ठेवून दिले. जगाने एवढे गोळा करून दिलेले भांडार, आणि त्यातून मी कंजूषपणे एकच उचलला होता!

अनसिंगच्या बाजारात घड्याळाच्या दुकानात तो चपटा सेल मिळाला. किंमत चार कप चहाची. सेल बसवला, तारीख लावली. मग जेथे मी ‘डेप’ असा शब्द ठेवून दिला होता, तो खोडून ‘मोस्ट’ लिहिला आणि गाठोडे नव्याने बांधायला सांगितले. या वेळी मात्र कॉलर ताठ केली नाही. आधी परीक्षा घेतली. मुद्दाम जुनी भाषा लावून पाहिली, यंत्र उठले. नवी लावली, उठले. रात्रभर भिंतीतून पिन काढून ठेवली. सकाळी लावली, तर तारीख बरोबर, भाषा बरोबर.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी चोपड्यांशेजारी संगणकालाही हळदकुंकू लागले. सारे बसलेले असताना मी माझा कबुलीजबाब दिला. गाठोड्याची गोष्ट, न केलेल्या प्रतीची गोष्ट, सगळे सांगितले. वहिनी म्हणाल्या, “असू द्या भाऊजी, सापडलं न?” दादा काही बोलला नाही. आमच्या पिढीतल्या पुरुषांना ‘चुकलं’ हा शब्द शाळेत शिकवलेला नाही. म्हणजे शिकवला असेल, पण दुसऱ्यासाठी. तो उठला, चष्मा पुसायचे पिवळे मऊ फडके शोधून आणले आणि वहिनींच्या हातात देत म्हणाला, “हे घे. संगणकाला हेच वापरत जा. आणि बस आता, ती ओवी अर्धी टंकायची राहिली आहे म्हणत होतीस ना?” आणि स्वतः चहा टाकायला स्वयंपाकघरात गेला. साखर कुठे आहे हे त्याला तीनदा विचारावे लागले.

वहिनी खुर्चीवर बसल्या. एका बोटाने टकटक सुरू झाली. आता ओव्यांच्या तीन प्रती आहेत : एक तेथे, एक माझ्याकडे आणि एक भाचीकडे नागपूरला. मी पुण्याला निघालो तेव्हा वहिनींनी कालनिर्णयाच्या एका चौकटीत काही लिहिलेले दिसले. जवळ जाऊन पाहिले. बारीक अक्षरात होते, ‘संगणकाला सेल घातला.’